हसरे, गंभीर आणि आंबट

तुम्हाला विनोदबुद्धी आहे का, असं विचारलं तर 'नाही' म्हणणारा माणूस सापडणं कठीण. गणित जमत नाही हे लोक कौतुकानं सांगतात. गाण्यातलं काही कळत नाही हेही सांगतात. विनोद कळत नाही असं मात्र कोणी आपण होऊन कबूल करत नाही. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ गॉर्डन ऑलपोर्टनं नोंदवून ठेवलंय की, विचारलेल्यांपैकी 94 टक्के लोकांनी आपली विनोदबुद्धी सरासरीइतकी किंवा त्याहून वरची असल्याचं सांगितलं. उरलेल्या सहा टक्क्यांशी ओळख करून घ्यायला मला आवडेल. खरे मिश्कील लोक त्यांच्यातच निघायचे.

*

विलिबाल्ड रूख या ऑस्ट्रियन मानसशास्त्रज्ञानं म्हणूनच हा प्रश्न सरळ विचारायचं टाळलं. तो त्या वेळी जर्मनीत ड्युसेलडॉर्फ विद्यापीठात होता, पुढे झुरिचला गेला. त्याचं म्हणणं असं की, 'विनोदबुद्धी' या एका शब्दात आपण फार गोष्टी कोंबतो. विनोद सुचणं, तो सांगता येणं, समजणं, आवडणं, स्वतःवर हसता येणं, संकटात हसता येणं, सगळं एकाच पिशवीत. त्यापेक्षा या सगळ्याच्या मुळाशी जो स्वभाव असतो तो मोजू. मग गाब्रिएले क्योलर आणि क्रिस्टोफ फान थ्रील यांच्यासोबत त्यानं 1996 मध्ये एक प्रश्नावली प्रसिद्ध केली. तिच्यात मोजायच्या गोष्टी तीन: प्रसन्नता, गांभीर्य आणि बिघडलेला मूड. विनोदाच्या मोजमापात गांभीर्य कशाला, असं पहिल्यांदा मलाही वाटलं. पुढे पुढे वाटू लागलं की यातला सगळ्यात मजेदार भाग तोच आहे.

*

नेहमीची प्रश्नावली साठ वाक्यांची, तिन्ही गोष्टींना वीस-वीस. लांबलचक आवृत्तीत एकशे सहा. प्रत्येक वाक्यापुढे चार पर्याय, अजिबात पटत नाही इथपासून पूर्ण पटतं इथपर्यंत. मधला पर्याय नाही. 'तसं काही सांगता येत नाही' म्हणून अंग काढून घ्यायची सोय ठेवलेली नाही, हे मला आवडलं. आपल्याकडे निम्मी जनता त्याच घरात खूण करून मोकळी झाली असती.

शिवाय तीस वाक्यांची एक वेगळी आवृत्ती आहे. ती स्वभावाबद्दल विचारतच नाही, आत्ता या घडीला कसं वाटतंय एवढंच विचारते. स्वभाव आणि मूड वेगळे मोजायची ही रीत चार्ल्स स्पीलबर्गर यांनी 1970 मध्ये चिंतेच्या मापनात रुळवली होती. चिंतातूर स्वभावाचा माणूस एखाद्या संध्याकाळी निवांत असू शकतो आणि निवांत माणसालाही परीक्षेच्या सकाळी घाम फुटतो. हसण्याचंही तसंच. फरक इतकाच की, प्रसन्न स्वभावाच्या माणसाला हसायला थोडकं कारण पुरतं आणि त्याचा मूड लवकर मोडत नाही.

*

प्रसन्नतेचे त्यांनी पाच पदर पाडले आहेत. चांगल्या मूडमध्ये असणं, चटकन हसू येणं, वाईट प्रसंगाकडे शांतपणे बघता येणं, हसू आणणाऱ्या गोष्टींची यादी लांबलचक असणं आणि चारचौघांत वागण्याबोलण्यात खेळकरपणा असणं.

यातला तिसरा मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, आणि प्रश्नावलीत तो पकडायला सगळ्यात अवघड असणार. आमच्या आत्याचं खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशननंतर नातेवाइकांची रीघ लागली. वर्षानुवर्षं न फिरकलेले चुलत-मावस भाऊ शहाळी घेऊन हजर. आत्यानं एकेकाला नीट निरखलं आणि म्हणाली, "बरं झालं बाबा पडले ते. नाहीतर तुम्ही एकदम तेराव्यालाच आला असता." नर्ससुद्धा तोंड फिरवून हसली. आत्याला विनोद सांगता येत नाहीत. एखादा किस्सा सांगायला घेतला की शेवट आधीच सांगून टाकते. पण हे तिला येतं.

*

गांभीर्याचे पदर सहा. बराच वेळ गंभीर असणं. रोजच्या साध्या गोष्टीही महत्त्वाच्या वाटणं. पुढचं ठरवून, लांबची उद्दिष्टं डोळ्यांपुढे ठेवून चालणं. ज्याचं पटेल असं कारण देता येईल तेच करणं. बोलताना मुद्द्याला धरून, आडवळण न घेता बोलणं. आणि सहावा, हसण्याखेळण्याच्याच गोष्टींकडे कपाळाला आठ्या घालून बघणं.

सहावा सोडला तर यातली एकही गोष्ट दुर्गुण नाही. पहिले पाच पदर असलेला माणूस बँकेत मॅनेजर म्हणून असावा, मुलीच्या सासरी असावा, विमान चालवायला असावा.

*

आमच्या सोसायटीच्या सेक्रेटरींचं नाव घेत नाही. सभेला सात माणसं असली तरी मागील सभेचं इतिवृत्त ते उभं राहून, पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचतात आणि 'कायम करण्यात येत आहे' म्हणतात. मध्यंतरी कबुतरांचा विषय होता. जाळी लावायची का, कोणी, खर्च कोणाचा. चर्चा तासभर रेंगाळल्यावर दुसऱ्या मजल्यावरचे कुलकर्णी वैतागून म्हणाले, "कबुतरांनाही एक नोटीस पाठवा." सेक्रेटरींनी रजिस्टरमध्ये लिहिलं: 'सभासदांनी कबुतरांना नोटीस देण्याची सूचना केली. सूचनेवर विचार करण्यात येईल.' मी स्वतः वाचलं आहे. सुवाच्य अक्षर, शेवटी पूर्णविराम, खाली सही.

आता गंमत. गेल्या पावसाळ्यात सोसायटीची सहल गेली. बसमध्ये भेंड्या चालू होत्या. कुणीतरी गाण्याचे शब्द असे काही गिळले की सेक्रेटरी हसता हसता सीटवरून घसरले. चष्मा काढून डोळे पुसत होते आणि पुन्हा पुन्हा फुटत होते. म्हणजे गांभीर्यात पैकीच्या पैकी आणि हसायलाही काही फार लागत नाही. आता शंका येते ती त्या रजिस्टरचीच. ती नोंद त्यांनी नक्की कुठल्या चेहऱ्यानं केली असेल?

*

हे अपवादानं घडत नाही. या मापनातून निघालेली मला सगळ्यात पटलेली गोष्ट हीच की, प्रसन्नता आणि गांभीर्य यांचं फारसं वाकडं नाही. आकड्यांत थोडासा विरोध दिसतो, पण किरकोळ. माणूस दोन्हींत वर असू शकतो, दोन्हींत खालीही असू शकतो. प्रसन्नतेचं खरं वैर आहे ते बिघडलेल्या मूडशी. तिथे आकडे ठणठणीत उलटे जातात. एक चढला की दुसरा उतरतो.

आपण मात्र गंभीर आणि आंबट या दोघांना एकाच खात्यात टाकतो. शाळेत हसणाऱ्याला वर्गाबाहेर काढतात ते 'अभ्यासात गंभीर नाही' म्हणून. आणि एरंडेल प्यायल्यासारखं तोंड करून बसलेला साहेब सगळ्यांना 'फार गंभीर माणूस' वाटतो. तो गंभीर नसतो. तिरसट असतो.

*

चिमणरावांचे जनक चिं. वि. जोशी पाली भाषेचे अभ्यासक आणि बडोद्यात प्राध्यापक. पालीचा अभ्यास करणारा माणूस लांबची उद्दिष्टं ठेवून चालणारा आणि बारीकसारीक गोष्ट महत्त्वाची मानणाराच असणार. तेच चिकाटीचं बारीक लक्ष त्यांनी चिमणरावांच्या संसाराला लावलं. चिमणराव हसवतात ते मुळात ते स्वतः सगळं मनापासून, गांभीर्यानं करतात म्हणून.

गडकऱ्यांचं उदाहरण आणखी टोकाचं. बाळकराम या टोपणनावानं विनोद लिहिणारा माणूस आणि 'एकच प्याला' लिहिणारा माणूस एकच. त्या नाटकात तळीरामाचं आर्यमदिरामंडळ ज्या रंगमंचावर प्रेक्षकांना लोळवतं, त्याच रंगमंचावर संसार जळून जातो. 1919 मध्ये गडकरी गेले तेव्हा चौतिशीही गाठली नव्हती. एका माणसात हे दोन कप्पे कसे मावले याचं नवल बरीच वर्षं चालू आहे. रूखचं कोष्टक बघितलं तर नवल वाटायचं कारण राहत नाही. कप्पे पहिल्यापासून वेगळेच होते.

*

बिघडलेल्या मूडचेही त्यांनी पुढे तुकडे केले, आणि इथे मला त्यांच्या बारकाईला दाद द्यावीशी वाटते. उदास असणं निराळं आणि तिरसटणं निराळं.

नाट्यगृहात एकाच रांगेत बसलेली तीन माणसं डोळ्यांपुढे आणा. समोर फार्स चालला आहे, थिएटर हसतंय, तिघं हसत नाहीत. पहिला गंभीर. नायिका दोन दारांतून एकाच वेळी कशी आली याचा तो विचार करतोय. जरा वेळानं हसेल, पण हसेल. दुसरा उदास. महिन्याभरापूर्वी घरात काहीतरी झालंय, मित्रांनी बळेबळे आणलंय. हसावंसं त्याला वाटतंय, पण आतून काही उठत नाही. तिसरा तिरसट. पार्किंगवरून बायकोशी वाजलंय. त्याला हसायचंच नाही. चुकून ओठ हलले तर तो आवरून धरेल, कारण हसला की भांडण हरला.

बाहेरून तिघंही सारखेच. पहिल्याला वेळ द्यायचा, दुसऱ्याला सोबत द्यायची. तिसऱ्याच्या वाटेला मध्यंतरापर्यंत जाऊ नये, वडा आल्यावर बघता येईल.

*

तिरसटपणाची एक बाजू मात्र रूखनं मोकळेपणानं मांडली आहे. वाईट मूड सगळ्याच विनोदाला मारत नाही. टोमणा, उपहास, कुत्सितपणा यांना तो खतपाणीच घालतो. अनुभव तसाच आहे. ज्या संपादकांच्या अग्रलेखातल्या चिमट्यांनी वाचक खूश व्हायचे, त्यातले काही ऑफिसात पाण्याचा ग्लास मागतानाही वसकन अंगावर यायचे. प्रसन्न माणसाचा विनोद बहुतेक वेळा गोड असतो, आणि खरं सांगायचं तर कधीकधी जरा पांचट.

*

प्रयोगांपैकी एक डोळ्यांसमोर आणायला मजा वाटते. लोकांना प्रयोगशाळेत बोलावलं. काहींना नेहमीसारखा गंभीर प्रयोगकर्ता भेटला, काहींना विदूषकी चाळे करणारा. चेहऱ्यांचं चित्रण झालं. मग प्रत्येक स्नायूची हालचाल टिपून हसू मोजलं. प्रश्नावलीत प्रसन्नतेचे गुण जास्त पडलेली माणसं विदूषकी प्रयोगकर्त्यापुढे जास्त वेळा आणि जास्त खुलून हसली. म्हणजे कागदावरच्या खुणांचा आणि गालांच्या स्नायूंचा काहीतरी संबंध आहे. एवढं सिद्ध करायला एका शास्त्रज्ञाला प्रयोगशाळेत माकडचेष्टा कराव्या लागल्या. त्याच्या गांभीर्याला सलाम.

लाफिंग गॅसचाही प्रयोग झालाय. हंफ्री डेव्हीनं 1799 मध्ये तो वायू स्वतः हुंगून पाहिल्यापासून त्याची ख्याती हसवणारा अशी. पण तोच वायू प्रसन्न स्वभावाच्या माणसाला जितका फुलवतो तितका इतरांना नाही, असं 1995 च्या अभ्यासात दिसलं. वायूलाही आत काहीतरी तयार लागतं तर.

*

2004 चा एक अभ्यास त्याहून सरस. 56 स्त्रिया, एक विनोदी फिल्म आणि बर्फगार पाण्याचं भांडं. हात पाण्यात घालायचा, सोसवेल तोवर ठेवायचा, वेळ मोजायची. फिल्मच्या आधी एकदा, लगेच नंतर एकदा, आणि वीस मिनिटांनी पुन्हा. बायकांचे तीन गट केले. एका गटाला सांगितलं, मनातून खूश व्हा पण हसू नका. दुसऱ्याला, मनसोक्त हसा. तिसऱ्याला, फिल्म बघता बघता तुम्हीच विनोदी कॉमेंट्री करा.

फिल्मनंतर सोसण्याची ताकद वाढली आणि वीस मिनिटांनीही टिकून होती. पण खरी गोष्ट पुढे आहे. प्रसन्न स्वभावाच्या बायकांना ती वाढ कॉमेंट्री करून, म्हणजे स्वतः विनोद रचून मिळाली. ज्यांचा स्वभाव तितका हसरा नव्हता त्यांना मिळाली ती हसून. 'हसा, बरं वाटेल' हा सल्ला सरसकट देणाऱ्यांनी हे वाचावं. घरातल्या हसऱ्या माणसाला नुसतं हस म्हणू नये. टीव्हीवरच्या मालिकेला नावं ठेवायला सांगावं. आमच्याकडे हा उपाय वर्षानुवर्षं, शास्त्राचा आधार न घेता, चालू आहे.

*

खरं हसू ओळखायची खूण डोळ्यांत असते. ओठांचे कोपरे वर ओढणारा स्नायू हुकमावर चालतो, डोळ्यांभोवतीचा सहसा नाही. गियोम ड्युशेन या फ्रेंच डॉक्टरनं 1862 मध्ये हे मांडलं. एका दात पडलेल्या म्हाताऱ्याच्या चेहऱ्याला विजेच्या कांड्या लावून तो एकेक स्नायू उचलायचा आणि फोटो काढायचा. लग्नाच्या अल्बममधला वरपक्षाचा ग्रुप फोटो काढून बघा. ओठ सगळ्यांचे वर, डोळे दोघातिघांचेच बारीक. त्यात एक कॅटरिंगवाला.

भरतानं नाट्यशास्त्रात हसण्याचे सहा प्रकार सांगितले आहेत, स्मितापासून अतिहसितापर्यंत. स्मितात गाल जरासे फुलतात, दात दिसत नाहीत. अतिहसितात डोळ्यांना पाणी येतं आणि माणूस बरगड्या धरतो. निरीक्षण चोख आहे. पण भरतानं त्याला दर्जा चिकटवला. पहिले दोन प्रकार उत्तम माणसांचे, मधले दोन मध्यमांचे, शेवटचे दोन अधमांचे. रूखच्या मोजणीत बरगड्या धरून हसणाऱ्याला सर्वांत जास्त गुण पडले असते. आमचे सेक्रेटरी एका शास्त्रात अधम, दुसऱ्यात अव्वल.

*

समर्थांनी विनोदाची आवड टवाळांच्या पदरात टाकून दिली. मराठी माणूस विनोद करायच्या आधी आणि केल्यानंतर जरा घसा खाकरतो, त्याला हे कारण असावं. गांभीर्याचा तो सहावा, आठ्या घालणारा पदर आपल्याकडे परंपरेनं मिळतो.

*

लाफ्टर क्लबचा इतिहास या सगळ्याशी मजेदार जुळतो. डॉ. मदन कटारिया यांनी 13 मार्च 1995 ला अंधेरीच्या लोखंडवालातल्या बागेत पाच माणसांना घेऊन सुरुवात केली. आधी रीतसर विनोद सांगायचे. थोड्याच दिवसांत चांगले विनोद संपले, उरलेले चावट किंवा कुणाला तरी लागणारे निघाले, आणि लोक कुरकुरू लागले. तेव्हा विनोदालाच रजा दिली. नुसतं हसायचं.

आता हे विनोदाच्या बाजूनं बघितलं तर दिवाळखोरी आहे. प्रसन्नतेच्या बाजूनं बघितलं तर मुळाला हात घालणं आहे. मला व्यक्तिशः सकाळी बागेत तो 'हो हो, हा हा' ऐकला की वाट बदलावीशी वाटते. पण एकदा थांबून पाहिलं. कानटोपी घातलेले एक आजोबा टाळ्या वाजवत ठरल्या तालात हसत होते, डोळे कोरडे, लक्ष मनगटावरच्या घड्याळाकडे. व्यायाम चालला होता. मग शेजारच्या बाईंची चप्पल हात वर करता करता उडाली आणि हिरवळीवर पडली. आजोबा फस्सकन हसले. ताल गेला, टोपी सरकली, डोळे बारीक झाले. क्लबचं हसणं आणि हे हसणं यांच्यामध्ये फार तर दोन सेकंद गेले असतील. पण चप्पल दहा मिनिटं आधी उडाली असती तर ते असे हसले असते का? मला वाटतं, नसते. उंबरठा खाली आणायचं काम त्या खोट्या हसण्यानं केलं होतं. तरीही मी क्लबात जाणार नाही.

*

रूखच्याच पुढच्या कामात एक वेगळी माणसं भेटतात: आपल्यालाच हसताहेत अशी धास्ती घेतलेली. जर्मन मानसोपचारतज्ज्ञ मिखाएल टिट्झे यांना अशी माणसं उपचारात दिसली. रूख आणि रेने प्रॉयर यांनी त्या भीतीची पंधरा वाक्यांची चाचणी केली, आणि 2009 मध्ये 73 देशांतल्या पाहणीचे निष्कर्ष आले. बसमध्ये मागच्या सीटवर कॉलेजची मुलं खिदळली की यांचा हात आधी शर्टाच्या कॉलरकडे जातो, मग पँटच्या चेनकडे. मैत्रीचं हसणंही त्यांना टोचतं. विनोदबुद्धी वाढवा म्हणून त्यांना सांगणं क्रूरपणाचं आहे, आणि लाफ्टर क्लबात नेणं तर त्याहून.

*

या प्रश्नावलीचं एक रूप असंही आहे की, माणसाबद्दल दुसरा कोणीतरी उत्तरं भरतो: मित्र, जोडीदार, ओळखीचा. ऑलपोर्टच्या 94 टक्क्यांना यापेक्षा चांगला उतारा नाही. साठही वाक्यं मराठीत करून घ्यावीत, कागद बायकोच्या हातात द्यावा आणि आपण स्वयंपाकघरात चहा टाकायला जावं, असा बेत मी सांगितला. बायको म्हणाली, "नको. तुझं उत्तर आलं की तू चार दिवस तोंड पाडून बसशील." मी म्हटलं, तोंड पाडणं उदासीत येतं की तिरसटपणात, तेवढं तरी सांग. ती म्हणाली, "आधी चहा टाक."